आकडेमोडीत अडकलेलं कांस्यपदक : शामोनी १९२४ मधल्या एका निकालाचा अभ्यास

१८.००० आणि १७.९१६. फ्रान्समधल्या शामोनी इथे ४ फेब्रुवारी १९२४ रोजी झालेल्या स्की जंपिंगच्या, म्हणजे पायांना स्की बांधून बर्फाच्या उतारावरून मारायच्या उडीच्या, निकालात तिसऱ्या आणि चौथ्या नावापुढे हे दोन आकडे लागले. पहिला नॉर्वेच्या थोरलाईफ हाउगचा, दुसरा अमेरिकेच्या अँडर्स हाउगेनचा. दोघांत अंतर ०.०८४ गुणांचं. हाउगला कांस्यपदक मिळालं आणि हाउगेन रिकाम्या हातांनी परतला.

निकाल चुकीचा होता. हाउगच्या गुणांच्या हिशेबात गफलत झाली होती. बेरीज नीट केली तर त्याचे गुण १७.८ च्या थोडेसेच वर भरतात, म्हणजे तो हाउगेनच्या मागे जातो. ही गफलत उघडकीला आली १९७४ मध्ये, पन्नास वर्षांनी. तोवर हाउगला जाऊन जवळपास चाळीस वर्षं झाली होती आणि हाउगेन पंच्याऐंशी वर्षांचे झाले होते.

दोन्ही आडनावं सारखीच असल्यामुळे वाचताना घोळ होऊ शकतो, म्हणून एवढं ध्यानात ठेवावं : हाउग नॉर्वेचा, हाउगेन अमेरिकेचा. मात्र जन्माने हाउगेनही नॉर्वेचाच, आणि या प्रकरणात त्यालाही अर्थ आहे.

खेळातल्या चुकीच्या निकालांच्या कहाण्या पुष्कळ आहेत. पंचांचा पक्षपात, उत्तेजक द्रव्यं, राजकारण, संघटनांमधली भांडणं यांवर भरपूर लिहिलं गेलंय. शामोनीच्या प्रकरणात यातलं काहीच नाही. कुणी फसवलं नाही, कुणी दबाव आणला नाही. कागदावरचा एक हिशेब चुकला, तो छापला गेला आणि छापलेलं म्हणून खरं धरला गेला. म्हणूनच हे प्रकरण तपशिलात पाहण्यासारखं आहे. निकाल नावाची गोष्ट कशी तयार होते, ती कुठे ठिसूळ असते आणि कशामुळे दुरुस्त होऊ शकते, हे इथे स्वच्छ दिसतं.

तो ‘सप्ताह’

आज आपण १९२४ च्या शामोनीला पहिलं हिवाळी ऑलिंपिक म्हणतो. तिथे खेळायला आलेल्यांना मात्र ते तसं माहीत नव्हतं. स्पर्धेचं नाव होतं ‘आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडा सप्ताह’. त्या वर्षीचं ऑलिंपिक उन्हाळ्यात पॅरिसला व्हायचं होतं. त्याच्या निमित्ताने आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या आश्रयाखाली हा सप्ताह २५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी या काळात भरवला गेला. मोजायला गेलं तर सप्ताहापेक्षा बराच लांबला.

असं सावध नाव ठेवण्यामागे कारण होतं. बर्फावरच्या खेळांचं माहेर म्हणजे स्कँडिनेव्हिया. तिथे स्टॉकहोमला १९०१ पासून नॉर्डिक क्रीडास्पर्धा भरत होत्या. ऑलिंपिकच्या नावाखाली वेगळी हिवाळी स्पर्धा सुरू झाली तर आपली स्पर्धा बाजूला पडेल, ही तिकडची भीती होती. पुढे तसंच झालं. तेव्हा ‘ऑलिंपिक’ हा शब्द शीर्षकात न घालता ‘सप्ताह’ म्हणून विरोध टाळला गेला. बर्फावरचे खेळ ऑलिंपिकला अगदीच अनोळखी होते असंही नाही. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंग होतं, १९२० च्या अँटवर्पमध्ये फिगर स्केटिंग आणि आइस हॉकी दोन्ही होतं. शामोनीला नवीन होती ती स्वतंत्र हिवाळी स्पर्धा.

१६ देश, अडीचशेच्या आसपास खेळाडू, त्यात स्त्रिया जेमतेम अकरा. पदकाच्या स्पर्धा १६. पदकावर एका बाजूला हात पसरून उभा असलेला खेळाडू आहे, एका हातात स्केट्स आणि दुसऱ्यात स्की, पाठीमागे आल्प्सची शिखरं. दुसऱ्या बाजूला भलामोठा मजकूर कोरलेला : ही स्पर्धा आठव्या ऑलिंपियाडच्या निमित्ताने फ्रेंच ऑलिंपिक समितीने आंतरराष्ट्रीय समितीच्या आश्रयाखाली भरवली, वगैरे. पदकावर इतकं स्पष्टीकरण कोरावं लागतं, यावरूनच त्या स्पर्धेचं नेमकं स्थान तेव्हा किती धूसर होतं ते कळतं. आंतरराष्ट्रीय समितीने या सप्ताहाला पहिलं हिवाळी ऑलिंपिक म्हणून मान्यता दिली ती १९२६ मध्ये, दोन वर्षांनी मागे वळून. हाउग आणि हाउगेन ज्या दिवशी उडी मारायला चढले, त्या दिवशी त्यांच्यापुढे ऑलिंपिक पदक म्हणून काही नव्हतंच. ते पुढे ऑलिंपिक पदक ठरलं.

सप्ताहातलं पहिलं पदक ठरलं २६ जानेवारीला, ५०० मीटर स्पीड स्केटिंगमध्ये. अमेरिकेच्या लेक प्लॅसिड गावचा चार्ल्स जुट्रॉ ४४.० सेकंदांत पहिला आला. नॉर्वेचा ऑस्कर ओल्सेन ४४.२ मध्ये दुसरा. आणि तिसऱ्या जागी दोघे : नॉर्वेचा रोआल्ड लार्सन आणि फिनलंडचा क्लास थुनबर्ग, दोघेही ४४.८. दोघांनाही कांस्यपदक मिळालं.

या आकड्यांकडे जरा नीट पाहावं, कारण पुढच्या गोष्टीची किल्ली इथे आहे. ४४.०, ४४.२, ४४.८. अंतरं सगळी ०.२ च्या पटीत. म्हणजे वेळ सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंतच मोजली जात होती. त्याहून बारीक फरक मोजता येत नव्हता आणि मोजता येतो असा आवही कुणी आणला नाही. बरोबरी झाली, तर दोघांना पदक. हाताने थांबवायच्या घड्याळाचा हा प्रामाणिकपणा मला भावतो. नऊ दिवसांनी त्याच गावात स्की जंपिंगचे गुण दशांश चिन्हानंतर तीन आकड्यांपर्यंत लिहिले गेले. घड्याळ जिथे एका स्थळावर थांबलं, तिथे माणसांच्या मताची सरासरी तीन स्थळांपर्यंत गेली.

दोन माणसं

थोरलाईफ हाउग हा त्या सप्ताहाचा नायक होता, यात वाद नाही. ३० जानेवारीला ५० किलोमीटरची क्रॉस-कंट्री शर्यत त्याने जिंकली. वेळ पावणेचार तासांच्या किंचित आत. पहिले चारही जण नॉर्वेचे होते. २ फेब्रुवारीला १८ किलोमीटरची शर्यतही त्याचीच. मग नॉर्डिक कम्बाइन्ड, म्हणजे १८ किलोमीटरची शर्यत आणि स्कीवरची उडी यांचा एकत्रित निकाल, तोही त्याचाच. इथेही पहिले चार नॉर्वेचे. ओस्लोजवळच्या होल्मेनकोलेनच्या ५० किलोमीटर शर्यतीत तो सहा वेळा विजेता होता, आणि तिथल्या लोकांच्या लेखी त्या शर्यतीचा मान कुठल्याही नव्या सप्ताहापेक्षा मोठा.

तीन सुवर्णांवर एक कांस्य. त्या काळी ते शोभून दिसलं असणार. कम्बाइन्ड जिंकणारा माणूस उडीतही तिसरा आला, यात कुणाला खटकण्यासारखं काय होतं?

अँडर्स हाउगेनची कथा वेगळी. जन्म १८८८ चा, नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातल्या बो गावचा. आधुनिक स्कीइंगची पाळंमुळं ज्या मुलखात सांगितली जातात, तोच हा टेलेमार्क. विशीत भावाबरोबर तो अमेरिकेला गेला. त्या काळी नॉर्वेतून हजारोंनी लोक अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागात स्थायिक होत होते आणि आपल्याबरोबर स्कीही नेत होते. अमेरिकेतली स्की जंपिंगची परंपरा बव्हंशी या स्थलांतरितांनी उभी केली. हाउगेनने कोलोरॅडोतल्या डिलन इथे १९१९ मध्ये २१३ फुटांची आणि पुढच्या वर्षी २१४ फुटांची उडी मारली, म्हणजे सुमारे ६५ मीटर. त्या वेळी हे जागतिक विक्रम होते. शामोनीला तो अमेरिकेच्या स्की संघाचा कर्णधार म्हणून आला. वय पस्तीस. उडीच्या खेळात हे वय उतरणीचं.

म्हणजे कांस्यपदकासाठी अडलेले दोघे नॉर्वेच्याच मातीतले होते. एक राहिला, एक निघून गेला. १९७४ मध्ये जे घडलं, त्याला या गोष्टीने एक निराळा रंग दिला.

४ फेब्रुवारी

उड्या झाल्या शामोनीजवळच्या ले बोसोंच्या उतारावर. सगळ्यात लांब उडी हाउगेनची, ५० मीटर. तरी तो तिसराही आला नाही. हे समजायला स्की जंपिंगचे गुण कसे ठरतात ते पाहायला हवं.

हा खेळ नुसत्या अंतराचा नाही. किती लांब गेला याला गुण असतात आणि कसा गेला यालाही. हवेत अंग कसं होतं, हात कुठे होते, स्की समांतर होत्या का, जमिनीवर टेकताना एक पाय पुढे आणि गुडघे वाकवून तोल राखला का, हे सगळं पंच डोळ्यांनी पाहतात आणि २० पैकी गुण देतात. एकाहून अधिक पंच, एकाहून अधिक उड्या, त्यात अंतराचे गुण. हे सगळं एकत्र करून शेवटी २० च्या आतला एक आकडा निघतो. विजेता याकोब टुलिन थाम्स, १८.९६०. दुसरा नार्व्हे बोना, १८.६८९. दोघेही नॉर्वेचे. थाम्सची शैली तेव्हा नवी होती. कमरेत वाकून पुढे झुकायचं आणि हवेवर जणू रेलायचं. नॉर्वेतल्या कोंग्सबर्गच्या नावाने ती पुढे ओळखली गेली. हा थाम्स पट्टीचा नाविकही होता. १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये त्याने शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत रौप्य मिळवलं. हिवाळी आणि उन्हाळी दोन्हीकडे पदक असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, त्यांतला हा एक.

हाउगेनला अंतरात फायदा झाला आणि शैलीत फटका बसला. हाउगची उडी काही मीटरनी छोटी, पण पंचांच्या नजरेत देखणी. हा पंचांचा निर्णय होता आणि तो त्यांच्या अधिकारातला होता. त्यात आज ढवळाढवळ करायचं कारण नाही. चूक त्यापुढच्या पायरीवर झाली. पंचांनी दिलेल्या आकड्यांवरून अंतिम आकडा काढताना हाउगच्या नावापुढे जवळपास ०.१८ गुण जास्त पडले.

वरच्या पाच जणांचे जाहीर झालेले गुण एका ओळीत मांडून पाहा : १८.९६०, १८.६८९, १८.०००, १७.९१६, १७.५२१. पाचवा नॉर्वेचाच आयनार लांडविक. या रांगेत दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेत जवळजवळ ०.७ गुणांची दरी आहे, तेव्हा सुवर्ण आणि रौप्याला धोका नव्हता. चौथ्या आणि पाचव्यात ०.४ चं अंतर आहे, तेव्हा हाउग दुरुस्तीनंतरही लांडविकच्या पुढेच राहतो. चुकीची झळ पोचते ती फक्त दोन माणसांना. हीच चूक बोना किंवा लांडविकच्या हिशेबात झाली असती तर कुणाचाच क्रमांक बदलला नसता आणि ती कदाचित कुणालाच कधी सापडली नसती. अशा किती चुका जुन्या निकालपत्रांत निरुपद्रवी होऊन पडलेल्या असतील, सांगता येत नाही.

आणि १८.००० हा आकडा. सगळे सांधेमोडे दशांश एका बाजूला आणि मध्येच हा गुळगुळीत पूर्णांक. सरासरी कधीकधी पूर्णांकात येते, त्यात अशक्य काही नाही. पण हिशेब तपासणाऱ्याने जिथे बोट ठेवून दुसऱ्यांदा बेरीज करावी, तो आकडा हाच.

कुणी तपासलं का नाही?

इथे मी माझं मत मांडतो, ते मत म्हणूनच वाचावं.

पहिलं कारण वेळेचं. उड्या ४ तारखेला झाल्या आणि ५ तारखेला समारोप. हिशेब कागद-पेन्सिलीने. त्याच दिवशी कम्बाइन्डचा निकालही लावायचा होता आणि त्यात शर्यतीच्या वेळेचे गुण आणि उडीचे गुण एकत्र करायचे, म्हणजे आणखी किचकट काम.

दुसरं कारण व्यवस्थेचं. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची स्थापनाच शामोनीला, २ फेब्रुवारी १९२४ रोजी झाली. उड्यांच्या दोन दिवस आधी. नियमांची देखरेख करणारी, निकालाची दुहेरी पडताळणी मागणारी, आक्षेप ऐकून घेणारी संस्था अजून पाळण्यात होती. आज एखाद्या जिल्हास्तरीय स्पर्धेतही आक्षेपाचा अर्ज कुणाकडे द्यायचा हे ठरलेलं असतं.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात वजनदार कारण म्हणजे अपेक्षा. जो आकडा आपल्या समजुतीला धरून येतो, तो आपण तपासत नाही. तीन सुवर्णं मिळवलेला नॉर्वेचा वीर, नॉर्वेचा राष्ट्रीय खेळ, आणि पहिले तिघे नॉर्वेचे. ५० किलोमीटरमध्ये तसंच झालं होतं, कम्बाइन्डमध्येही. उडीतही झालं, तर ते स्वाभाविकच. याउलट हिशेबात अमेरिकन तिसरा आला असता तर नक्कीच कुणीतरी म्हणालं असतं, ‘थांबा, पुन्हा एकदा बघू.’

आणि एकदा छापला गेल्यावर तोच आकडा एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरवला जातो. दहा ठिकाणी सापडला की तो दहापट खरा वाटू लागतो, पण मुळात त्या दहा प्रती एकाच कागदाच्या असतात. पन्नास वर्षं हेच चाललं.

१९७४

शामोनीच्या नॉर्वेजियन संघाला पन्नास वर्षं झाली तेव्हा जुने आकडे पुन्हा बाहेर आले. याकोब व्होगे हे नॉर्वेचे क्रीडा-इतिहासकार, होल्मेनकोलेनच्या स्की संग्रहालयाशी जोडलेले. स्कीचा इतिहास हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. त्यांनी उडीचे गुण नव्याने मांडले आणि हाउगच्या ओळीत बेरीज जमेना. या शोधाशी थोराल्फ स्ट्रोमस्टाड यांचंही नाव जोडलं जातं. स्ट्रोमस्टाड म्हणजे शामोनीला ५० किलोमीटर आणि कम्बाइन्ड या दोन्हींत हाउगच्या मागोमाग दुसरा आलेला खेळाडू, हाउगचा संघसहकारी.

हे तपशील महत्त्वाचे आहेत. चूक शोधली ती पदक गमावलेल्या देशाने नाही. अमेरिकेतून कुणी तक्रार केली नव्हती, कुणी वकील लावला नव्हता. ज्या देशाचं पदक जाणार होतं, त्याच देशाच्या इतिहासकाराने, आपल्याच सर्वांत लाडक्या स्कीपटूच्या हिशेबातली चूक शोधली आणि ती झाकून न ठेवता पुढे नेली. १९४६ मध्ये नॉर्वेतल्या ड्रामेनला हाउगचा पुतळा उभा राहिला होता. अशा माणसाच्या नावावरचं पदक काढून दुसऱ्याला देण्याचा प्रस्ताव त्याच्याच गोतावळ्यातून येतो, हे क्रीडा-इतिहासात फार क्वचित सापडतं. मला या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

दुसरी गोष्ट कागदांची. ही दुरुस्ती शक्य झाली, कारण अंतिम आकड्यामागचे आकडे शिल्लक होते. निकालपत्रात फक्त क्रमांक आणि एकूण गुण राहिले असते, तर व्होगे काय, कुणीही काही करू शकलं नसतं. ‘१८.०००’ एवढाच आकडा समोर असेल, तर त्यात चूक आहे हे कळायला मार्गच नाही. चूक दिसते ती घटक आणि बेरीज शेजारी ठेवल्यावर.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने दुरुस्ती मान्य केली. सप्टेंबर १९७४ मध्ये ओस्लोत छोटासा समारंभ झाला. अँडर्स हाउगेन अमेरिकेहून आले. तरुणपणी ज्या देशातून निघून गेले होते त्याच देशात, त्यांना कांस्यपदक देण्यात आलं, आणि दिलं थोरलाईफ हाउगच्या मुलीने. हाउग स्वतः डिसेंबर १९३४ मध्ये न्यूमोनियाने गेला होता, चाळिसाव्या वर्षी. आपण तिसरे नव्हतो हे त्याला कधीच कळलं नाही. त्याच्याकडून कुठली लबाडी झालेली नव्हती. तेव्हा मुलीने ते पदक देणं ही वडिलांच्या वतीने दिलेली कबुली नव्हती. ज्याची वस्तू त्याला पोचवणं, एवढंच ते होतं. तरी ते करायला मन मोठं लागतं.

हाउगेन त्यानंतर जवळपास दहा वर्षं जगले. १४ एप्रिल १९८४ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी ते वारले. २०२२ च्या बीजिंग स्पर्धेपर्यंत स्की जंपिंगमध्ये अमेरिकेचं दुसरं ऑलिंपिक पदक झालेलं नव्हतं. १९२४ ते १९७४ या काळात तर अमेरिकेच्या खात्यावर या खेळात एकही पदक नव्हतं. प्रत्यक्षात मात्र ते होतं, चुकीच्या ओळीत लिहिलेलं.

पदकतक्ता नावाची हलती वस्तू

या दुरुस्तीने शामोनीचा पदकतक्ता बदलला. नॉर्वे १८ वरून १७ वर आलं : ४ सुवर्ण, ७ रौप्य, ६ कांस्य. अमेरिका ३ वरून ४ वर गेली : १, २, १. फिनलंड ४, ४, ३. देशांचा क्रम कुठेच बदलला नाही. नॉर्वे पहिलं, फिनलंड दुसरं, आधीही आणि नंतरही.

त्याच तक्त्यात आणखी उशिराने आलेली गोष्ट आहे. दगड सरकवत खेळायचा कर्लिंग हा खेळ शामोनीला झाला. त्यात ब्रिटनकडून खेळलेला स्कॉटिश संघ जिंकला, स्वीडन दुसरा, फ्रान्स तिसरा. पुढे अनेक दशकं तो खेळ नुसता प्रदर्शनापुरता होता असं समजलं जायचं. एका स्कॉटिश वृत्तपत्राने जुने दस्तऐवज काढून पाठपुरावा केला आणि २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने मान्य केलं की शामोनीचं कर्लिंग अधिकृतच होतं. ब्रिटनच्या त्या स्पर्धेतल्या एकमेव सुवर्णाची ही कथा आहे. म्हणजे सगळे खेळाडू वारल्यानंतर बऱ्याच काळाने तो तक्ता पूर्ण झाला.

जे आकडे आपण पाठ करतो, ते असे बनतात. १९२४ मध्ये स्पर्धा, १९२६ मध्ये तिला ऑलिंपिकचं नाव, १९७४ मध्ये एक कांस्य इकडून तिकडे, २००६ मध्ये कर्लिंगची निश्चिती. आजच्या तक्त्यात १६ सुवर्ण, १६ रौप्य आणि १७ कांस्य आहेत. ते सतरावं कांस्य म्हणजे ५०० मीटरमधली ती ४४.८ सेकंदांची बरोबरी.

शामोनीच्या समारोपात एक सन्मान आपल्याकडच्या वाचकांनी लक्षात ठेवावा असा आहे. गिर्यारोहणासाठीचं ऑलिंपिक पदक १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेला जाहीर झालं आणि उपनेते लेफ्टनंट कर्नल एडवर्ड स्ट्रट यांनी ते मोहिमेच्या वतीने स्वीकारलं. मोहीम दार्जिलिंगहून निघाली होती. ७ जून १९२२ रोजी एव्हरेस्टच्या नॉर्थ कोल या खिंडीच्या उतारावर हिमकडा कोसळून सात शेर्पा भारवाहक गेले. या सातांचीही मरणोत्तर गणना त्या सन्मानात होते, आणि नोंदीत ते भारतीय म्हणून येतात. पहिल्या हिवाळी ऑलिंपिकच्या यादीत भारत देश म्हणून कुठेच नाही. तरी ज्यांनी त्या सन्मानाची किंमत जिवाने मोजली, त्यांची नावं नरबू, ल्हाकपा, पासांग, पेमा, सांगे, दोर्जे आणि तेंबा अशी आहेत. पदकतक्त्यात ही पदकं धरली जात नाहीत. तक्त्यात काय धरायचं आणि काय नाही, हाही कुणीतरी घेतलेला निर्णय असतो.

काय दुरुस्त झालं आणि काय नाही

या प्रकरणावर बोलताना काही जण पुढचं पाऊल टाकतात. सगळ्यात लांब उडी हाउगेनची होती, तेव्हा खरं तर सुवर्णच त्याचं, पंच नॉर्वेच्या शैलीकडे झुकलेले होते, असं म्हटलं जातं. मी या मताशी सहमत नाही.

१९७४ मध्ये दुरुस्त झाला तो हिशेब. पंचांची मतं जशीच्या तशी ठेवली गेली आणि तेच योग्य होतं. बेरीज बरोबर की चूक, हे पन्नास वर्षांनीही निर्विवाद सांगता येतं, कारण त्यासाठी उडी पुन्हा पाहावी लागत नाही. हाउगेनचे हात हवेत कसे हलले, तो टेकताना डगमगला का, हे त्या दिवशी उताराखाली उभ्या असलेल्या पंचांनीच पाहिलं. त्यांची नजर त्या काळच्या आवडीनिवडींनी घडलेली असणार, तशी प्रत्येक पंचाची असते. पण ती बदलून आज नव्याने गुण द्यायचे म्हटलं, तर कुठलाच निकाल शिल्लक राहणार नाही, आणि व्होगेंच्या साध्या, ठाम दुरुस्तीचीही पत जाईल. त्या दुरुस्तीला नॉर्वेत मान्यता मिळाली ती ती एवढी मर्यादित होती म्हणूनच, असं मला वाटतं. कुणाच्या हेतूवर बोट नव्हतं आणि कुणाच्या मतावर शेरा नव्हता.

त्यामुळे आजच्या नोंदीत ५० मीटरची सर्वांत लांब उडी मारणारा हाउगेन तिसरा आहे, १७.९१६ गुणांनी. हे त्याचे मूळचेच गुण. त्यांना १९२४ मध्येही कुणी हात लावला नव्हता आणि १९७४ मध्येही नाही. बदलली ती फक्त त्याच्या वरची ओळ. आणि हाउगच्या नावावर तीन सुवर्णं आहेत, त्यांतल्या एकाच्याही हिशेबावर कधी शंका आलेली नाही.